वाकलेला दगड
अभ्रकाची चमकी बोटांना लागली की जरीपटका वस्तीतल्या आमच्या घरातली एक सकाळ आठवते. भूशास्त्राच्या वर्गात मी एकटीच मुलगी, आणि रामटेकच्या पुढच्या डोंगरात मुक्कामी सहलीला जायला बाबांनी साफ नकार दिला होता. म्हणून आमच्या मॅडम घरी आल्या आणि त्यांनी चहाच्या कपाशेजारी एक दगड ठेवला. त्यातले अभ्रकानं चमचमणारे काळे-पांढरे पट्टे नागमोडी दुमडलेले होते. बाबा तो उलटसुलट करून बघत राहिले. “दगड तं फुटते, मॅडम. हा वाकला काहून?” “जमिनीत खूप खोल तापला आणि हळूहळू दाबला गेला,” मॅडम म्हणाल्या. “तिथं अख्खा कडा असा आहे. तुम्हीच चला बघायला.” बाबा खरंच आले. झुडपं सारत आम्ही कड्याशी पोहोचलो, तर ते तापलेल्या दगडावर तळहात ठेवून एकेका वळणावरून तो फिरवत कितीतरी वेळ चालत राहिले. मग मॅडमना म्हणाले, “मी वापस जातो. पोरगी राहू द्या तुमच्यापाशी.” एसटीत चढताना मला म्हणाले, “चांगलं पाहून घे वं, घरी आल्यावर मले समजावून सांगजो.” घरी आल्यावर मी सांगत गेले, ते विचारत गेले. आज मी भूशास्त्र शिकवते ती मॅडमच्या कृपेनं, आणि माझे पहिले विद्यार्थी बाबा होते.