सगळ्याला हो म्हणणारा आरोपी

नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवत नाहीत. मोताळा तालुक्यातल्या एका जळालेल्या गोठ्याचा तपास मात्र डोक्यातून जात नाही. तेव्हा मी त्या भागातल्या ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

भरदुपारी गोठा पेटला आणि आत बांधलेली बैलजोडी मेली. गाव खवळलं होतं. पंचनामा चालू असतानाच गोठामालकाच्या धाकट्या भावानं मला बाजूला घेतलं. "साहेब, तो येडा सकाळपासून इथंच फिरून राह्यला होता."

येडा म्हणजे गावातलाच तिशीचा तरुण. पूर्वी शिकवण्या घ्यायचा, मग आजारी पडला. तासाभरात आम्ही त्याला ठाण्यात आणलं. अंगझडतीत एक रुमाल आणि गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं. हवालदारांनी नोंद केली. गोळ्या कशाच्या, हे मी विचारलं नाही.

"गोठा तू पेटवला?"

"हाव साहेब."

"कशानं?"

तो हवालदारांकडे बघायला लागला.

"माचिसनं?" हवालदारांनी विचारलं.

"हाव, माचिसनं."

तेच जबाबात उतरलं. दुसऱ्या दिवशी न्यायालयात हजर केलं, पुढे त्याची रवानगी तुरुंगात झाली.

त्याची मोठी बहीण अंगणवाडीत मदतनीस होती. ती दोनदा ठाण्यात आली, दोनदा मी तिला वाटेला लावलं. तिसऱ्यांदा ती दारातच उभी राहिली. "साहेब, त्याले काहीबी इचारा, तो हावच म्हनते. माय तूच मारली का, असं इचारून पाहा."

न्यायालयाची परवानगी घेऊन मी तुरुंगात गेलो. त्याला विचारलं, "आईला तू मारलंस?"

"हाव साहेब, म्याच मारली," म्हणाला आणि हमसून रडायला लागला.

त्याची आई त्या वेळी तुरुंगाच्या फाटकाबाहेर बसली होती.

बुलढाण्यात त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. "या आजारात काही रुग्णांना सगळं आपल्याच हातून घडलं असं वाटतं," ते म्हणाले. "तुम्ही प्रश्नातच उत्तर दिलंत, त्यानं ते घेतलं."

मी वायरमनला घेऊन पुन्हा गोठ्यावर गेलो. जळक्या आढ्याला तांब्याचे वितळलेले गोळे चिकटले होते. पहिल्या पंचनाम्यात ते आम्हाला दिसलेच नव्हते. "इथं तार होती," वायरमन म्हणाला. "मग आता कुठं गेली?"

मालकाच्या भावानं विजेच्या तारेवर चोरून आकडा टाकला होता, त्याचीच ठिणगी पडून गोठा पेटला होता. आम्ही पोचायच्या आत त्यानंच तार ओढून काढली होती. त्याच तरुणाचं नाव का घेतलं, असं विचारल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "तो नाही म्हनत नाही, हे साऱ्या गावाले ठाऊक हाये साहेब."

मी न्यायालयात अहवाल दिला. सव्वीस दिवसांनी तो तरुण सुटला. त्याच्या आजाराचं आम्ही तुरुंगाला कळवलंच नव्हतं, त्यामुळे गोळ्या बंद पडल्या होत्या. बाहेर आला तेव्हा तो बहिणीलाही ओळखत नव्हता. सावरायला वर्ष लागलं.

त्यानंतर आरोपी कितीही पटकन कबूल झाला तरी मी आधी त्याच्या घरच्यांना बोलावून औषधपाण्याची चौकशी करायचो. कबुली मिळाली की पोलिसाचं डोकं चालायचं थांबतं, हे मला एका आजारी माणसाच्या हालांतून कळलं.

एका दिवसात आरोपी पकडला म्हणून त्या गुन्ह्यात मला बक्षीस मिळालं होतं. ती नोंद माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत राहिली. ती रद्द करा, असा अर्ज मी कधी केला नाही.