कॅमेऱ्याआधीचा भोंगा

“मावशी, तुमचं मशीन बसवल्यापासून अण्णा जास्तच पळवायला लागलेत,” बसवराजनं मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला. “आधी कधीतरी एखादी नोटीस यायची. आता जिथं कॅमेरा, तिथं नोटीस.”

मी चष्मा लावून फोटो पाहिले. तीच पांढरी गाडी, तोच नंबर आणि खाली वेगाचा आकडा. प्रत्येक ठिकाणी मर्यादेच्या बराच वर.

“अशक्य,” मी म्हणाले.

तेव्हा मी अवघी अठ्ठावन्न वर्षांची होते. त्या वयात बाईला सगळं माहीत असतं. आता साठी ओलांडून बरीच पुढं आल्यावर मला पुष्कळ गोष्टी माहीत नाहीत, आणि धंदा मात्र बरा चालतो.

माझं दुकान सोलापूरच्या शुक्रवार पेठेत. मी पॉलिटेक्निकची डिप्लोमावाली. सुरुवात रेडिओ दुरुस्तीनं केली, मग गाडीतले टेप, मग रिव्हर्स कॅमेरे, मग नेव्हिगेशन. आमच्या गल्लीत गाडी आत आली तर बाहेर काढायला चार शेजारी लागतात, म्हणून मीच हत्यारांची पिशवी घेऊन चौकापर्यंत जाते. बसवराजच्या टुरिस्ट गाड्या. त्याचे वडील माझ्याकडून रेडिओ दुरुस्त करून घ्यायचे, त्यामुळे मी त्याची मावशी. आणि सिद्रामअण्णा म्हणजे त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचे ड्रायव्हर, वळसंगचे. बसवराजला शाळेत सोडायलासुद्धा तेच जायचे. सगळी हयात गाडीवर गेली, पण गाडीला कधी ओरखडा नाही.

मशीन काय होतं, ते सांगते. काचेला चिकटवायचा छोटा स्क्रीन असतो. तो उपग्रहांकडून स्वतःचा ठावठिकाणा घेतो आणि ‘पुढे डावीकडे वळा’ वगैरे सांगतो. त्याला रस्ते माहीत असतात, पण स्पीड कॅमेरे माहीत नसतात. ते आपण घालायचे. कॅमेऱ्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, गाडी कुठल्या दिशेनं येणार, तिथली वेगमर्यादा, असं एकेक ओळीत लिहायचं आणि ती फाइल मशीनमध्ये भरायची. मग गाडी कॅमेऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आली की मशीन इशारा देतं. यात चोरी काही नाही. ‘पुढे कॅमेरा आहे’ अशी पाटी रस्त्यावरही असते. पण पाटी मान वर करून वाचावी लागते. इशारा कानात येतो.

आता इशाऱ्याला आवाज कुठला द्यायचा? मशीनचा स्वतःचा आवाज म्हणजे ‘टिंग’. एसी, गाणी आणि मागच्या सीटवरची मंडळी यांच्यात तो कुणाला ऐकू येणार? त्यातली इंग्रजी बाई लावली, तर अण्णा तिला “बरं बरं” म्हणायचे आणि तसेच पुढं जायचे. पण त्या मशीनमध्ये आपल्या आवडीचा आवाज घालायची सोय होती. इथं त्या अठ्ठावन्न वर्षांच्या हुशार बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. सोलापूरच्या माणसाला झोपेतही ऐकू जाईल असा आवाज कुठला? मिलचा भोंगा.

गिरण्या कधीच बंद पडल्या होत्या. मी कॉम्प्युटरवर बसून भोंगा बनवला. सूर खालून चढवत नेला, वर गेल्यावर थोडी घरघर मिसळली, शेवटी हळूहळू उतरवला. इतका हुबेहूब झाला की आमचे हे पेपर बाजूला टाकून खुर्चीतून उठले आणि चपला शोधायला लागले. त्यांनीही तरुणपणी मिलमध्ये काढली होती काही वर्षं. मी ते कौतुक समजले. घरातल्या घरात प्रयोग यशस्वी झाला होता, निकाल नजरेसमोर चपलांमध्ये पाय घालत होता, आणि मी पेढे खाल्ल्यासारखी हसत बसले होते.

तर नोटिसा. मी बसवराजला म्हणाले, “माझ्या जागा चुकल्या असतील. बघते.”

दोन दिवस मी नकाशावर प्रत्येक कॅमेरा तपासला. एकही चुकला नव्हता. मग मी दुसरा शोध लावला. गाडी जोरात असते, मशीनला जागा कळायला क्षणभर लागतो, अण्णांचं वय झालंय, म्हणजे अर्धा किलोमीटर कमी पडत असणार. मी अंतर वाढवून एक किलोमीटर केलं. आता माणूस बैलगाडीसारखा सावकाश होऊनही कॅमेऱ्यापर्यंत पोचेल.

त्यानंतर आलेल्या नोटिशीतला वेग आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त होता.

बसवराज या वेळी बसला नाही. उभ्यानंच बोलला. “मावशी, आता ऐका. सारखं असं झालं तर लायसन्स सस्पेंड होतंय. पाव्हणे विश्वासानं बसतात माझ्या गाडीत. मी अण्णांना सांगून टाकलंय, अजून एक नोटीस आली की किल्ली माझ्याकडं द्यायची. ऑफिसात बसा, बुकिंगचे फोन घ्या.”

“काय म्हणाले?”

“गाडी पुसायला गेले. पुसलेलीच होती. मला शाळेत सोडलेल्या माणसाची किल्ली काढून घ्यायची म्हणजे… पण काय करू, सांगा की.”

मी अण्णांना बोलावून घेतलं. ते दारातच उभे. टोपी हातात.

“अण्णा, भोंगा ऐकू येतो का?”

“येतो की अक्का. लई भारी येतो. अंगावर काटा येतो बगा.”

“मग तो वाजला की तुम्ही काय करता?”

“काय करनार? गाडी चालवतो.”

“वेग कमी करता ना?”

“करतोच की.” मग खाली बघत म्हणाले, “मला तर वाटतंय करतो. पर त्यो फोटू कुटं मानतोय? अक्का, ऑफिसात फोन घ्यायला मला जमनार न्हाय. मला समोरचा मानूस दिसल्याबिगर बोलताच येत न्हाय.”

माणूस खोटं बोलत नव्हता. फोटोही खोटा नव्हता. म्हणजे मधे जे काही होतं, ते मी पाहिलं नव्हतं. हा साधा विचार मला दुकानात बसून महिनाभर सुचला नाही. मी म्हणाले, “उद्या मी गाडीत बसते.”

बसवराजला अकलूजला एका साखर कारखान्यात गाड्यांच्या करारासाठी जायचंच होतं. तो मागे बसला, मी पुढं. मांडीवर लॅपटॉप, गळ्यात चष्मा, तोंडावर तज्ज्ञाचा भाव. अण्णा फार सांभाळून चालवत होते. ओव्हरटेक नाही, हॉर्न नाही. मागून बसवराज म्हणाला, “असंच चालवत असतील तर नोटीस येतेच कशी?”

“तेच तर म्हनतोय मालक मी.”

मोहोळ मागे पडलं. रस्ता मोकळा. काटा सत्तरवर स्थिर. आणि भोंगा वाजला.

मी आधी स्क्रीनकडे पाहिलं, कारण मला माझ्या भोंग्याचं कौतुक. मग काट्याकडे पाहिलं. काटा पंच्याहत्तर. ऐंशी. पंच्याऐंशी. अण्णांचं तोंड शांत. दोन्ही हात स्टिअरिंगवर. फक्त पाठ सीटपासून सुटली होती आणि मान पुढं आली होती, लांबवर काहीतरी बंद होत असल्यासारखी.

“अण्णा, काय करताय?”

“काय?”

“पाय बघा तुमचा.”

त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पार दाबलेला. त्यांनी तो असा उचलला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. गाडी हळू झाली. कॅमेरा अजून लांब होता. एक किलोमीटर दिला होता ना मी.

अण्णांनी पुढच्या चहाच्या टपरीपाशी गाडी बाजूला घेतली आणि उतरून रुमालानं तोंड पुसलं.

“अक्का,” ते म्हणाले, “मी मिलमदी बदली कामगार होतो. चार वर्सं.”

बदली कामगार म्हणजे कुणी कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. रोज गेटवर हजर राहायचं. भोंगा थांबेपर्यंत आत असाल तर काम मिळायची आशा. गेट लागलं की दिवस फुकट, आणि त्याच पायानं घरी.

“चुलत्याकडं ऱ्हायचो, पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. भोंगा सुरू झाला की पळायचं. येकदम. चप्पल तुटली तर हातात. रस्त्यात कोन हाक मारली तरी थांबायचं न्हाय. भोंग्याच्या आत गेट.” ते स्वतःच्या पायाकडे बघत होते. “मला वाटलं, मी इसरलो. हा न्हाय इसरला.”

बसवराजचे खांदे हलायला लागले. मग चहा सांडला. “म्हणजे मावशी,” त्याला बोलवेना, “म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याच्या आधी एक किलोमीटर सांगताय, अण्णा पळा, गेट लागतंय…”

“आणि आधी अर्ध्याच किलोमीटरवरनं सांगत होते,” मी म्हणाले. “मग मला वाटलं, पळायला जागा कमी पडतेय.”

अण्णाही हसले. टपरीवाला कशाला हसायचं ते न कळता हसला. मला तेव्हा आमच्या ह्यांच्या चपला आठवल्या, आणि मी सगळ्यात जास्त हसले, कारण गाढव कोण हे त्या टपरीवर फक्त मलाच पुरतं कळलं होतं.

हसून झाल्यावर प्रश्न तसाच होता. भोंगा काढायचा, पण घालायचं काय? मी मोबाइलवर एकेक आवाज वाजवत गेले आणि अण्णांना विचारत गेले.

“पोलिसाची शिट्टी?”

“तरुनपनीची सवय हाय अक्का. शिट्टी ऐकली की मी कट मारून निघतो.”

“मालकासमोर सांगताय.”

“आता काय लपवायचं?”

“देवळाची घंटा?” बसवराजनं सुचवलं. मी वाजवली. अण्णांचे दोन्ही हात छातीपाशी जुळले.

“राहू दे,” बसवराज घाईनं म्हणाला. “स्टिअरिंग कोण धरणार?”

लहान मुलाचं रडणं वाजवलं, तर अण्णा म्हणाले मागच्या सीटवर कुणाचं तरी पोर रडतंच असतं, कान मेलेत. कुत्र्याचं भुंकणं, तर काचा वर करीन म्हणाले. चहा संपला, आवाज संपले, आम्ही निघालो. गेट राहिलं नव्हतं, पण किल्ली जायची टांगती तलवार होतीच. पायाला कारण सापडलं म्हणून कॅमेरा माफ करणार नव्हता.

अकलूजच्या अलीकडे, उसाचे मळे सुरू झाले तिथं, अण्णांनी एसी बंद करून काच खाली घेतली. वळणाच्या आधी त्यांचा पाय सहज अ‍ॅक्सिलरेटरवरून उठला आणि ब्रेकवर जाऊन बसला. मला समोर काहीच दिसत नव्हतं.

“का हळू केलं?”

“काय म्हाईत,” ते म्हणाले, आणि वळणावर मेंढरं दिसली. सगळा रस्ता भरून, बें-बें करत, गळ्यातल्या घंट्या किणकिणत. कान आधी पोचला होता. डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं.

“थांबवा,” मी म्हणाले.

“थांबलीच हाय की.”

मी उतरून मेंढरांच्या मधोमध मोबाइल धरून उभी राहिले. मेंढपाळ जवळ आला. “फोटू काढा की बाई. नुस्ता हात कशाला वर केलाय?”

“आवाज घेतेय. गाडीत बसवायचाय.”

त्यानं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “मग येक मेंढरूच घेऊन जावा की,” तो म्हणाला. “तेलपानी न्हाय, काय न्हाय.”

बसवराज कारखान्यात करार करत होता तोपर्यंत मी बाहेर पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडला, भोंगा काढला आणि मेंढरं भरली. अंतर पुन्हा अर्धा किलोमीटर केलं. परतीच्या वाटेवर पहिल्या कॅमेऱ्याच्या आधी गाडीत अख्खा कळप ओरडला. मी काट्याकडे पाहिलं नाही. पायाकडे पाहिलं. पाय उठला, ब्रेकवर गेला, गाडी सावकाश झाली.

“अण्णा, आता मुद्दाम केलंत का?”

“न्हाय अक्का. मी पाव्हन्यांच्या लग्नाचा इचार करत हुतो.”

नोटीस आली नाही. पुढच्या महिन्यातही आली नाही. किल्लीचा विषय बसवराजनं काढला नाही आणि अण्णांनी विचारला नाही. अण्णा अजूनही गाडी चालवतात. एकदा पुण्याच्या एका कुटुंबानं भर हायवेवर सीटखाली वाकून मेंढरं शोधली म्हणे. अण्णा त्यांना फक्त एवढंच म्हणाले, “हितं न्हायत. फुडं हायत.” बसवराजच्या बाकी गाड्यांतही आता इशारे आहेत, पण प्रत्येक ड्रायव्हरचा आवाज निराळा. एकाच्या गाडीत त्याच्या सासऱ्यांचं खाकरणं आहे. उत्तम चालतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कुठलाही इशारा बसवायच्या आधी मी ड्रायव्हरला दुकानात खुर्चीवर बसवते, आवाज वाजवते, आणि “कसा वाटला?” असं अजिबात विचारत नाही. विचारलं की लोक ‘छान आहे’ म्हणतात. मी काउंटरवरून वाकून त्यांच्या पायाकडे बघते. पायाला शिष्टाचार शिकवलेला नसतो.