घागबाईंची दहा बटणं

घागबाई कुठलीही नवी वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघत. स्टेपलर असो, नाहीतर साहेबांचा कॅल्क्युलेटर. मग विचारत, "हे असंच पायजे, हे कुणी ठरवलंन?"

रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ कोळंबी परदेशी पाठवणारी आमची कंपनी होती. बाई तिथे टायपिस्ट, मी आवक-जावक सांभाळायची. लहानपणी तापात त्यांचा डावा हात अधू झाला होता. बोटं आत वळलेली, अंगठा तेवढा हले, पण कळ दाबण्याइतका जोर त्यात नव्हता. तरी एकट्या उजव्या हाताने त्या भराभर टाइप करत. मोठ्या अक्षरासाठी टाइपरायटरची कळ दाबून अडकवून ठेवता येई, त्यावर त्यांचं भागत असे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला. शिकवायला मुंबईहून एक तरुण आला. पत्रं लिहायच्या त्या प्रोग्राममध्ये बहुतेक कामांना दोन बटणं एकदम दाबावी लागत. तिसऱ्या दिवशी तो बाईंच्या देखतच साहेबांना म्हणाला, "यांना नाही जमणार. दुसरं कुणी बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंना पॅकिंगच्या शेडमध्ये पाठवायचं ठरलं. तिथे दिवसभर बर्फाच्या पाण्यात उभं राहावं लागे. बाईंनी महिन्याची मुदत मागून घेतली.

"कीबोर्डाच्या डावीकडची ही दहा बटणं कसली गो?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांना एकेक काम नेमून दिलेलं असतं."

"मग ते बदलता येत असणार. थांब, बघतंय मी."

यंत्राबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी पुढ्यात घेतलं. जेवणाच्या सुट्टीत डबा एकीकडे, डिक्शनरी दुसरीकडे. एकदा भलतंच काहीतरी बदललं आणि प्रोग्राम सुरूच होईना. मी घाबरले. बाईंनी शांतपणे पर्समधून दुसरी फ्लॉपी काढली. "आधीच नक्कल करून ठेवलीय. मोडल्याशिवाय कळायचं कसं?"

तीन आठवड्यांनी त्यांनी मला हाक मारली. अर्धा पडदा व्यापून बसणारी आज्ञांची यादी गेली होती. तळाशी, दहा बटणांच्या नावांच्या जागी, इंग्रजी अक्षरांत बाईंचे शब्द होते: ठेव, पूस, छाप, शोध. एका कामाला एकच बटण. साहेबांनी सांगितलेलं पत्र बाईंनी त्यांच्यासमोर लिहिलं, दुरुस्त केलं, छापून हातात दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. शेडचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे तो तरुण पुन्हा आला, पडदा पाहून चमकला. "हे कुणी बिघडवलं?"

"बिघडवलं नाय, माझ्या हाताला बसवलंय," बाई म्हणाल्या. मग त्याला शेजारी बसवून त्यांनी सगळं दाखवलं. जाताना तो एक कोरी फ्लॉपी भरून घेऊन गेला.

निवृत्त होऊन बाई संगमेश्वरजवळच्या आपल्या गावी गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलाने पहिल्याच सकाळी सगळं मूळच्यासारखं करून टाकलं. मला फार लागलं. सुट्टीत मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन सांगितलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. "बरोबर केलंन. त्याचे दोन्ही हात चालतात." मग सूप बाजूला ठेवून त्या पुढे सरकल्या. "पण एका सकाळीत? मला तीन आठवडे लागले होते. कसं केलंन गो?"

मी शेजारच्याच टेबलावर होते, पण उठून बघितलं नव्हतं.