पेनिसिलिन फोडणारं विकर

साठच्या दशकात बाळंतपणानंतर माझ्या थोरल्या बहिणीच्या स्तनाला गळू झालं. मूर्तिजापूरहून आम्ही तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. काही वर्षांपूर्वी पेनिसिलिननं आईचा सडत आलेला पाय वाचवला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण ताप उतरेना.

"काहून गुण येत नाई जी?" आईनं विचारलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हे जंतू आता औषधच फोडून टाकतात, बाई."

बहीण गेली. तिचं बाळ आईनं शेळीच्या दुधावर वाढवलं.

पुढे अमरावतीला जीवशास्त्र शिकवताना मी वाचलं, की जंतूची भिंत बांधणारं प्रथिनच युगानुयुगं बदलत पेनिसिलिन फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, झालं असावं. आईला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्यायले माह्याच पोरीचं आंग भेटलं काय?"