खालची ओळ

"हात लावू नकोस. मी दाबते."

बाई हे वाक्य खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायच्या. लॅपटॉप सुरू होत असताना मी नुसता शेजारी उभा राहिलो, तरी त्यांना माझ्या बोटांचा संशय. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायच्या. शाळेत संगणक शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा परदेशात. अशी एखादी बाई तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल, जिला सगळे जरा टरकून असतात.

त्यांच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम होत्या. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची सगळ्यांकडे असते ती, खालची लिनक्स, बाईंनी स्वतः बसवलेली. पांढरी पट्टी आधी वरच्या ओळीवर असायची आणि दहापासून उलटे आकडे सुरू व्हायचे. तेवढ्यात खालचा बाण दाबून एंटर मारलं तर लिनक्स, नाही तर आपोआप वरची. वरच्या सिस्टिममध्ये बँक, वीजबिल, हॉस्पिटलचे रिपोर्ट, मुलाचे व्हिडिओ कॉल. खालच्या ओळीत एकच गोष्ट होती, ट्रक चालवायचा खेळ.

"अहो, गेम खेळायला लोक वरची वापरतात," मी एकदा शहाणपणा केला.

"लोक सिग्नलही तोडतात," बाई म्हणाल्या.

त्या मात्र खेळातसुद्धा सिग्नल पाळायच्या. रिकाम्या चौकात लाल दिव्यापुढे ट्रक उभा करून चहा प्यायच्या. मागच्या गाडीने हॉर्न मारलाच, तर पडद्याला सुनवायच्या, "वाजवा, वाजवा! आळंदी रोडला राहता का?" मला हसू आवरायचं नाही.

मग ते नसांचं दुखणं निघालं. आधी हातातून कप निसटायला लागले, मग चमचाही धरवेना. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं. आज दूधवाला आला नाही हे सांगावं, तसं बाईंनी ते मला जिन्यात सांगितलं.

खेळाची पंचाईत त्या दोन ओळींपाशीच व्हायला लागली. बोट बाणापर्यंत पोचेतो आकडे संपायचे आणि वरची सिस्टिम उघडायची. बाई ती शांतपणे बंद करायच्या, पुन्हा सुरू करायच्या. पुन्हा तेच. बघून माझं डोकं सटकायचं.

"अहो बाई, मी दाबतो ना!"

"तू दाबलंस तर खेळ तुझा. घरी जाऊन खेळ."

"बरं, मग लिनक्स वर घेतो. आपोआप उघडेल."

"नको. माझं सगळंच आता आपोआप होतंय. दुसरे भरवतात, दुसरे कुशीवर वळवतात. एवढं एक मला ठरवू दे."

मी त्यांच्या सांगण्यावरून फक्त वेळ वाढवत गेलो. दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, "आकडाच काढून टाक. थांबू दे त्याला, मी येईपर्यंत." काढला. त्या दुपारी, बऱ्याच वेळाने का होईना, बाईंनी खालची ओळ स्वतः उघडली. ट्रक दुसऱ्याच वळणावर खड्ड्यात गेला, पण चेहरा काय खुलला होता त्यांचा!

पुढे तेही थांबलं. देखभालीला ठेवलेल्या मावशी रोज दुपारी लॅपटॉप सुरू करून बाईंचा हात बटणांवर ठेवायच्या. मी संध्याकाळी ऑफिसातून यायचो, तेव्हा पट्टी वरच्याच ओळीवर असायची. "आज नाही जमलं," बाई म्हणायच्या. शेवटी शेवटी बोलणंही गेलं, तेव्हा नुसत्या बघायच्या. मला भयंकर राग यायचा. कुणाचा, ते मात्र कळायचं नाही.

एका दुपारी श्वास अडकला म्हणून त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. त्या परत आल्या नाहीत.

मुलगा आला. सगळं आटोपल्यावर तो, मी आणि मावशी त्यांच्या खोलीत गेलो. लॅपटॉप टेबलावर तसाच चालू होता, चार्जर लावलेला. त्या धावपळीत तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. पडद्यावर त्याच दोन ओळी होत्या, आणि पट्टी खालच्या ओळीवर होती.

"मावशी, तुम्ही काही दाबलंत?"

"मी कशाला दाबू? बाई कावायच्या ना."

म्हणजे बाण बाईंनीच दाबला होता. फक्त एंटर राहिलं होतं. मला भडभडून आलं.

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. "हे अडकलंय वाटतं," म्हणत तो लॅपटॉप बंद करायला वाकला.

"हात लावू नकोस!" मी त्याच्यावर ओरडलो.