खिडकीतली आठवी काच

दादारावकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये रंग ढवळत होते. फोन त्यांच्या मुलाचा. "ताई, बाबा सकाळी गेले... झोपेतच." मी नुसतं "हो" म्हटलं आणि मशीन चालूच ठेवलं; मधेच बंद केलं तर काका ओरडतील, हेच डोक्यात. मग लक्षात आलं, आता कोण ओरडणार! मशीन बंद केलं.

आदिलाबादच्या बाहेर आमचा छोटासा कारखाना, भिंतींना लावायचा पाण्याचा रंग बनवणारा. रंग ढवळला की फेस येतो आणि तो मारायला त्यात औषध घालावं लागतं. दादारावकाका तिथले सगळ्यात जुने कारागीर, त्यांचं आयुष्य हे औषध निवडण्यात गेलं. कमजोर औषध घेतलं तर बुडबुडे राहतात आणि वाळल्यावर सुईनं टोचल्यासारखी छिद्रं दिसतात. जहाल घेतलं तर फेस जातो, पण रंग जागोजागी फाकून बारीक खड्डे पडतात. मी शिक्षकाची पोर, रसायनशास्त्राची पदवी घेऊन ऐटीत आलेली. पहिल्याच आठवड्यात फेस दिसेनासा होईपर्यंत औषध ओतलं. काकांनी तो रंग काचेवर ओढला, वाळू दिला, काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. "फेस तं मेला वं, पन काचेले देवी आल्या ना!"

त्यांची एक खोड होती. फसलेली काच धुवायची नाही. औषध निवडणाऱ्याचं नाव खडूनं लिहून ती खिडकीत उभी करायची. बघता बघता सात काचा झाल्या, सातही माझ्या. एकीत तर औषधाचा दोषही नव्हता. मी डोक्याला तेल चोपडून आले होते आणि तोच तेलकट हात काचेला लागून रंग फाकला होता. "काऊन वं सुनंदा, रंगाची चंपी करून राह्यली काय?" मी चिडून म्हटलं, ती तरी काढा. "राहू दे. हात धुवाची याद राहीन." अस्सा राग यायचा! एकदा तरी माझं औषध बरोबर निघावं आणि काकांनी ते बघावं, एवढीच हौस होती.

आमचा शेवटचा वाद मुधोळच्या एका शाळेच्या रंगावरून. काकांनी सौम्य औषध निवडलं, मी थोडं कडक. दोन डबे, दोन काचा. त्यांची काच साफ, माझ्या काचेवर तीन खड्डे. मी माझं नाव लिहायला खडू उचलला, तर त्यांनी तो काढून घेतला. "थांब जरा. रंग शाळेत महिन्यानं जाईन. लोनच्यावानी मुरू दे, मंग पुन्हा ढवळ अन् काच ओढ. जो चांगला निघन, तो दे." पुढच्याच आठवड्यात ते गेले.

महिना भरला तसे मी दोन्ही डबे उघडले. हात साबणानं दोनदा धुतले. ढवळलं, ओढलं, वाळू दिलं. माझं औषध रंगात छान मुरलं होतं, काचेवर एक खड्डा नाही. काकांच्या औषधाचा जोर ओसरला होता. फेस आला आणि काचभर छिद्रं पडली. मी एक डोळा मिटून पुन्हा पुन्हा पाहिलं. आधी रडू आलं, मग रडता रडताच हसू फुटलं. काका असते तर त्यांनीच अख्ख्या शेडला ओरडून सांगितलं असतं.

शाळेला माझा रंग गेला. त्यांच्या काचेवर मी खडूनं 'दादाराव' असं लिहिलं आणि ती माझ्या सात काचांच्या रांगेत उभी केली. ती मी धुणार नाही.