प्रथमोपचार पेटीचा प्रमुख

आखातात, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिममध्ये जी प्रथमोपचार पेटी होती, तिचा मी तीन वर्षं प्रमुख होतो, आणि त्या तीन वर्षांत ती पेटी मी जखमी माणसासाठी एकदाच उघडली.

हे पद माझ्याकडे आपणहून चालून आलं होतं. ऑफिसने मला अर्ध्या दिवसाच्या फर्स्ट एडच्या ट्रेनिंगला पाठवलं, कारण ज्याच्यावाचून डिपार्टमेंटचं काही अडणार नाही असा त्या दिवशी मीच होतो. तिथे मी एका रबरी बाहुल्याची छाती दाबली, बिर्याणी खाल्ली आणि सर्टिफिकेट घेऊन घरी आलो. ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. बिल्डिंगचा मॅनेजर गीझर बघायला आला तेव्हा त्याची नजर त्यावर गेली. "यू आर डॉक्टर, हबीबी," तो म्हणाला. मी नाही म्हणायला हवं होतं. मी नुसता हसलो. दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या जिममधल्या पेटीची किल्ली माझ्या हातात होती.

जिम म्हणजे एक ट्रेडमिल, एक सायकल, चार डंबेल्स आणि भिंतभर आरसा. 'टू लेट'च्या पाटीवर 'हेल्थ क्लब' लिहिता यावं एवढ्यासाठीच ती बांधली होती. (आम्हीही ती भारतातल्या मित्रांना फोनवर सांगण्यापुरतीच वापरायचो.) मॅनेजरला मात्र चोरीची भारी धास्ती. त्याने माझ्याकडे स्टिकरांचा गठ्ठा दिला, 'जिम प्रॉपर्टी, डू नॉट रिमूव्ह'. पेटीत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकेक लावायचा. मी मन लावून ते काम करायचो. वस्तूचं नाव झाकलं जाऊ नये म्हणून स्टिकर तळाला लावायचो, आणि लावला की विसरून जायचो.

खालच्या फार्मसीतून दर सहा महिन्यांनी नवं सामान यायचं. बँडेज, गॉझ, कापूस, अँटिसेप्टिकची बाटली, मुका मार लागला तर मारायचा स्प्रे. जुनं टाकून द्यायचं असा नियम होता. आता सांगा, सील न फोडलेलं, मुदत संपायला चार महिने असलेलं सामान कचऱ्यात टाकायला कुठल्या मराठी माणसाचा हात धजेल? त्यात सुट्टी जवळ आलेली, बॅगेत तीन किलोची जागा उरलेली, आणि सासऱ्यांना काय न्यायचं हा प्रश्न तसाच पडलेला. पहिल्या वर्षी मी मुदत संपत आलेलं सामान नेलं. दुसऱ्या वर्षी जरा ताजं नेलं. तिसऱ्या वर्षी पेटीतलं जुनं काढलं, आणि स्टिकर लावून तयार झालेली नवी पिशवी पेटीत न जाता थेट बॅगेत गेली. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते कुंपण मी. बायकोला, म्हणजे मेधाला, सांगितलं की हे मी अण्णांसाठी फार्मसीतून मुद्दाम विकत आणलंय, पस्तीस दिरहॅमचं, म्हणजे जवळजवळ आठशे रुपयांचं. तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तसं पाहिलं जाणं दुर्मीळ असतं. मी खुलासा केला नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याला राहायचे. सिमेंटचं पोतं आलं की शिक्का पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. सासूबाई गेल्यापासून एकटेच असायचे. मी नेलेलं सामान ते वापरत मात्र नसत. उंची वस्तू आहे, प्रसंगाला असू दे, म्हणून कपाटात ठेवून द्यायचे.

त्या वर्षी मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून अण्णाच ऐन जुलैत आमच्याकडे आले. साताऱ्यात पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस, आणि इथे सकाळी सहाला फुटपाथवर पाऊल टाकलं तरी चष्म्यावर वाफ धरायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "श्रीकांतराव, तुमची जिम बघायला जायचं का?" मला जरा नवल वाटलं, कारण जिमबद्दल मी त्यांच्याजवळ कधी अक्षर काढलं नव्हतं. मेधाने सांगितलं असेल, असं मी धरून चाललो.

मेधाने मला बाजूला घेऊन बजावलं, "अहो, अण्णांची रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. जरा खरचटलं तरी रक्त थांबत नाही. त्यांना लागू देऊ नका." मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं.

शुक्रवारी सकाळी आमची वरात गच्चीवर निघाली. मी, मेधा, आमची नऊ वर्षांची ऋचा, आणि दार उघडून एसी लावायला बिल्डिंगचा नातूर हमीद. नातूर म्हणजे तिकडचा वॉचमन. हमीद केरळचा होता. अण्णा लेंगा, शर्ट, कॅनव्हासचे बूट अशा वेषात आले, आणि हातात काठी. मी म्हटलं, ट्रेडमिलवर काठी लागत नाही. ते म्हणाले, काठीशिवाय आपण कधी फिरायला गेलो नाही, वाटेत कुत्री असतात. इथे तिसऱ्या मजल्याच्या वर कुत्रं येत नाही, असं मी समजावलं. त्यावर ते म्हणाले, सवय आहे. सासऱ्यांशी वाद नको म्हणून मी बटण दाबलं.

तीन मिनिटं फार सुखाची गेली. चौथ्या मिनिटाला अण्णांनी सवयीने काठी पुढे टेकली. साताऱ्याचा रस्ता टेकलेली काठी जागेवर ठेवतो. हा पट्टा तिला घेऊन मागे निघाला, आणि काठी सोडायची नाही हा अण्णांचा बाणा. "थांबवा," ते शांतपणे म्हणाले. मी झेप घेतली आणि बटण दाबलं. ते वेग वाढवायचं निघालं. घाबरून मी तेच पुन्हा दाबलं. काहीतरी धाडकन आपटलं, आणि पाहतो तर अण्णा मागे फरशीवर बसलेले, कपाळ सायकलच्या पेडलवर आपटलेलं, काठी हातात तशीच. भुवईच्या वरून रक्ताची धार कॉलरपर्यंत आली होती.

मी हबकलो. बाहुल्याला रक्त नव्हतं. छाती किती वेळा दाबायची ते मला पाठ होतं, पण अण्णांची छाती उत्तम चालली होती. मेधा ओरडली, "अहो, बघताय काय? पेटी उघडा!" किल्ली कुलपात जायला चार वेळा नाही म्हणाली. पाचव्यांदा गेली. पेटी उघडली.

आत चहापत्ती होती. शेजारी साखरेची बरणी, एक चमचा आणि स्टीलचा ग्लास.

"साब, साल भर से खाली था," हमीद हळूच म्हणाला. "तो हम चाय का सामान रखा." दुसरी किल्ली नातूरकडे असते हे मी साफ विसरलो होतो.

मी सायकलवर बसलो, त्याच सायकलवर. मेधाने ओढणी अण्णांच्या कपाळाला दाबून धरली होती आणि ओढणी लाल होत चालली होती. "थांबत नाहीये हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्या क्षणी मला स्वच्छ दिसलं की हा भला माणूस माझ्यामुळे जाणार, आणि तेही पस्तीस दिरहॅमच्या कापसापायी. हमीद गाडी बघायला खाली पळाला. प्रथमोपचार पेटीचा प्रमुख पेडलवर पाय ठेवून घाम पुसत होता.

"ऋचा," अण्णा म्हणाले, "माझ्या बॅगेत निळी पिशवी आहे. पळत जा, बाळा."

ऋचा पिशवी घेऊन आली आणि एकेक वस्तू फरशीवर मांडू लागली. गॉझ, कापूस, बँडेजचे रोल, अँटिसेप्टिकची बाटली, स्प्रे. सगळं सीलबंद, कोरं करकरीत. अण्णांनी डोळे मिटूनच सूचना दिल्या, बांधकामावर माणसं पडलेली त्यांनी पुष्कळ पाहिली होती. गॉझची जाड घडी कर, दाबून धर, सोडून बघत बसू नकोस, वरून घट्ट गुंडाळ. मेधा तसं करत होती. ऋचाला हाताला लागेल ते वाचायची खोड. तिने बँडेजचा रोल उलटा केला.

"बाबा, इट सेज जिम प्रॉपर्टी. डू नॉट रिमूव्ह."

तिने बाटली उलटी केली.

"धिस वन ऑल्सो. ऑल ऑफ देम, बाबा."

तेवढ्यात हमीद वर आला होता. त्याने फरशीवरच्या ढिगाकडे पाहिलं, मग उघड्या पेटीकडे, मग माझ्याकडे. मेधाचे हात थांबले. "अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही फार्मसीतून आणलं होतंत ना?"

"मेधा, हात थांबवू नकोस," अण्णा म्हणाले. जावयाची बाजू त्यांनी कपाळ फुटलेलं असताना सांभाळली.

क्लिनिकमध्ये चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, पट्टी फार छान बांधली आहे, इतका दाब दिला नसता तर प्रकरण अवघड झालं असतं. कोणी केलं हे? "बेटी ने बांधा," अण्णा म्हणाले. "सामान दामाद का है." मी खिडकीबाहेर पार्किंग बघत राहिलो.

मेधा काउंटरवर गेली तेव्हा मी हिय्या केला. "अण्णा, ते स्टिकर..."

"पहिल्याच वर्षी वाचला मी," अण्णा म्हणाले. "ओव्हरसियर होतो, श्रीकांतराव. वस्तू हातात आली की मी आधी तळ बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"जावई आहात. म्हटलं, कधी तिकडे जाणं झालं तर गुपचूप पेटीत ठेवून देऊ. तिन्ही वर्षांचं आणलं होतं. म्हणून तर जिम बघायची घाई केली." त्यांनी कपाळाच्या पट्टीला हात लावून पाहिला. "थोडं वाटेतच खर्च झालं."

धरणी दुभंगावी असं मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाटलं. रागावले असते तर परवडलं असतं.

मेधा माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मी चहा मागितला, तेव्हा म्हणाली, "वर पेटीत आहे." सर्टिफिकेट भिंतीवरून गेलं आणि त्या फ्रेममध्ये ऋचाचं पोहण्याचं सर्टिफिकेट बसलं. उरलेलं सामान अण्णांनी स्वतः नेऊन पेटीत लावलं, जे कमी होतं ते फार्मसीतून माझ्या खर्चाने आणवलं आणि पेटीची किल्ली मागून घेतली. पुढचे दोन महिने पेटीचे प्रमुख तेच होते. ते रोज वर जायचे, काठी दाराबाहेर ठेवायचे, तारखा तपासायचे आणि हमीदबरोबर चहा घ्यायचे.

पुढच्या वर्षी मी सुट्टीला साताऱ्याला गेलो तेव्हा त्यांच्यासाठी खजुराचा डबा नेला. दुकानातून विकत घेतलेला, बिलासकट. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वास छान आहे म्हणाले, आणि मग सावकाश चष्मा लावून डबा उलटा केला. तळ त्यांनी दोनदा पाहिला. त्यांच्या खांद्यावरून वाकून मीही पाहिला, कारण माझा मला काही भरवसा नव्हता.